खत राहू दे, फुलाचं घड्याळ बघ

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचून आधी हसलो, मग स्वतःचेच दिवस आठवले आणि गप्प बसलो. "सीताफळाला एवढी फुलं येतात, सगळी गळतात, आता कुठलं खत घालू?" हाच प्रश्न मी तीन वर्षं दिसेल त्याला विचारत होतो. फोनवर टाइप करून सांगायचं म्हणजे अंगठा मोडेल, म्हणून हे लांबलचक पत्र. तसंही आज मला जागायचंच आहे. ड्रॅगन फ्रूटची एक कळी संध्याकाळपासून फुगून बसलीय, तोंड जरा किलकिलं झालंय, पूर्ण उघडेपर्यंत वेळ आहे, तोवर तुझं डोकं खातो.

तर पहिली गोष्ट, खत बंद कर. खरंच बंद. मी त्या बिचाऱ्या झाडाला शेणखत दिलं, युरिया दिला, मग कुणी म्हणालं म्हणून अजून काहीतरी दिलं, आणि झाड असं माजलं की विचारू नकोस, पानं काळीभोर हिरवी, फांद्या कुंपणाबाहेर, येणारा जाणारा म्हणायचा वा काय झाड आहे, आणि फळ एक नाही. नत्र जास्त झालं की झाड पाला वाढवतं, फळाचं त्याला काही पडलेलं नसतं. पण तुझ्याकडे फुलं येतायत ना? म्हणजे झाडाचं पोट भरलेलं आहे. अडचण पोटाची नाही, लग्न जुळत नाहीये!

सीताफळाचं फूल कधी हातात घेऊन बघितलंयस का? मी आयुष्यभर बघितलं नव्हतं. ते खाली तोंड करून लटकतं, हिरवट, तीन जाड मांसल पाकळ्या, फूल म्हणावं असं काही दिसतच नाही. पाकळी हलकेच बाजूला केलीस की मध्ये छोटा उंचवटा दिसेल, ते स्त्रीकेसर, आणि त्याच्या भोवती खाली गच्च बसलेले पांढुरके पुंकेसर. दोन्ही एकाच घरात, पण गंमत अशी की आधी फूल मादी असतं आणि नंतर नर होतं. पाकळ्या अर्धवट उघडलेल्या असतात तेव्हा मधला भाग ओलसर चकचकीत असतो, तेव्हा त्याला पराग हवे असतात आणि स्वतःचे अजून तयार नसतात. पाकळ्या पूर्ण फाकल्या, पुंकेसर मोकळे होऊन पराग सुटले, की तोवर मधला भाग सुकलेला. घरात दोघं राहतात पण शिफ्ट वेगळी!

हे जुळवायचं काम बारीक भुंग्यांचं, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असतात, कुजक्या आंबलेल्या फळांच्या वासाला येतात. आणि आपण काय करतो, झाडाखाली लख्ख झाडून काढतो, औषधं फवारतो. मी आता फळांच्या साली आणि पाला तिथेच बुंध्यापासून जरा लांब पडू देतो. दिसायला घाण दिसतं, घरात त्यावरून बोलणी खातो, पण भुंगे यायला लागले.

तरी भरवसा नको, ब्रश घे. सकाळी ऊन चढायच्या आत पूर्ण उघडलेल्या फुलांतले पराग एका छोट्या डबीत झटकून घे, मग अर्धवट उघडलेलं फूल शोध, पाकळी बोटाने जरा बाजूला कर आणि मधल्या उंचवट्यावर ब्रश सगळीकडून गोल फिरव. सगळीकडून हं! सीताफळाचा एकेक डोळा म्हणजे एकेक स्त्रीकेसर, जिथे पराग पोचला नाही तिथला डोळा भरत नाही, म्हणून ती एका बाजूने बसकी वेडीवाकडी फळं येतात. मी पहिल्या वर्षी घाईघाईने एकाच बाजूने ब्रश मारला होता, सगळी फळं तोंड वाकडं केल्यासारखी. हवा फार कोरडी असेल तर मधला ओलावा लगेच सुकतो, म्हणून आदल्या संध्याकाळी पानांवर पाण्याचा फवारा मारून ठेवतो.

ब्रश मुलाच्या रंगपेटीतला आहे, त्याला अजून पत्ता नाही.

हे सगळं मला खरं तर पॅशन फ्रूटने शिकवलं. पिवळ्या जातीचा वेल होता, मांडवभर फुलं, ती जांभळ्या झालरीची, फोटो काढून काढून फोन भरला, फळ शून्य. मग वाचलं की पिवळ्या जातीला स्वतःचे पराग चालत नाहीत, दुसरा वेल लागतो. लगेच शहाणपणा करून त्याच वेलाची दोन कटिंगं शेजारी लावली, वर्षभर वाढवली, दोन्ही फुलली, आणि परत शून्य! अरे कटिंग म्हणजे तोच वेल, फक्त दुसऱ्या जागी उभा. त्याला दुसरा कसं म्हणणार. शेवटी बियांपासून केलेलं एक रोप लावलं तेव्हा कुठे जुळलं. जांभळ्या जातीला हे नखरे नाहीत, ती बहुतेक वेळा एकटी भागवते.

आणि वेळ बघ काय असते. जांभळीचं फूल पहाटे उघडतं, पिवळीचं दुपारी बाराच्या सुमारास, आणि रात्री मिटलं की संपलं. मी रोज सकाळी ब्रश घेऊन जायचो आणि मिटलेल्या कळ्या बघून परत यायचो. एक दिवस दुपारी तिथेच खुर्ची टाकून बसलो. फूल उघडलं तेव्हा मधले स्त्रीकेसराचे तीन दांडे वर आकाशाकडे होते, तासाभरात ते हळूहळू वाकून पुंकेसरांच्या उंचीला खाली आले. समोर बघत होतो मी! खाली आले की काळा मोठा भुंगा मध प्यायला घुसतो तेव्हा त्याच्या पाठीला वर पुंकेसर आणि ते दांडे दोन्ही घासतात. छोट्या मधमाश्यांची पाठ तिथे पोचतच नाही, त्या नुसते पराग चोरून जातात. हे काळे भुंगे वाळक्या लाकडात भोक पाडून राहतात, आणि मी आधीच्याच महिन्यात कोपऱ्यातला वाळका ओंडका कचरा म्हणून टाकून दिला होता. आता नवीन आणून ठेवलाय.

तू अ‍ॅव्होकॅडो लावतोयस म्हणालास, तर एक लावून थांबू नकोस. त्याचं एकेक फूल दोनदा उघडतं, एकदा मादी म्हणून, मिटतं, मग दुसऱ्या दिवशी नर म्हणून. ए प्रकारचं झाड सकाळी मादी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर, बी प्रकारचं दुपारी मादी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर. दोन्ही शेजारी असली की वेळा बरोबर बसतात. हास नावाची जात ए मध्ये येते, फुएर्ते नावाची बी मध्ये. रोप घेताना प्रकार विचार, नुसतं "चांगलं आहे साहेब" वर घेऊ नकोस.

तुला वाटेल हा माणूस ब्रश घेऊन वेडा झालाय. पण व्हॅनिलाची गोष्ट माहितीये का? वेल मूळचा मेक्सिकोकडचा, तिथून बाहेर नेला तर वाढायचा, फुलायचा, पण शेंग धरायची नाही, कारण जोडी जुळवणारे तिथले किडे सोबत आले नव्हते. मोठमोठे बागायतदार डोकं खाजवत बसले आणि 1841 मध्ये रीयुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या 12 वर्षांच्या गुलाम पोराने बारीक काडीने फुलातला पडदा उचलला, अंगठ्याने पराग दाबले, झालं! आजही बहुतेक व्हॅनिला त्याच पद्धतीने हाताने धरवतात. फूल एक सकाळ टिकतं, चुकलं की चुकलं. मी स्वतः व्हॅनिलाच्या वाटेला गेलो नाहीये, तेवढा धीर नाही माझ्यात.

फुलझाडांचं मात्र उलटं, तिथे लाड कमी कर. तुझी बोगनवेल फुलत नाही कारण तू तिला रोज पाणी पाजतोस. तिला ताण दे, माती कोरडी पडू दे, ऊन भरपूर, बघ कशी पेटते. मोगऱ्याला नव्या फुटीवर कळ्या येतात, म्हणून बहार संपला की छाट, हात थरथरू देऊ नकोस. चाफ्याची फांदी तोडून लगेच ओल्या मातीत खोचू नकोस, मी खोचली होती, आठ दिवसांत खालून पिठल्यासारखी मऊ झाली. आठवडाभर सावलीत पडू दे, चीक सुकून तोंड बंद झालं की मग लाव. आणि हा चाफा महालबाड आहे, रात्री वास सोडून मोठ्या पतंगांना बोलावतो आणि फुलात मधाचा थेंब नसतो. ते बिचारे या फुलातून त्या फुलात शोधत फिरतात, याचं काम होऊन जातं.

लिंबावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर नीट बघ, ती फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवी होते, काडीने डिवचलीस की डोक्यामागून केशरी शिंगं काढते आणि घाण वास सोडते. रोप छोटं असेल तर उचलून मोठ्या झाडावर ठेव. मी आधी चिरडायचो, आता होत नाही.

आता पपई. फोटोत तीन रोपं एकाच आळ्यात दिसली, ते बरं केलंस, काढू नकोस इतक्यात. फुलं येईपर्यंत नर की मादी कळत नाही, कुणी पानावरून सांगतो म्हणाला तर मान डोलव आणि सोडून दे. पण आळ्यात पाणी तुंबलेलं दिसतंय ते आजच काढ, पपईची मुळं पाण्यात दोन दिवस राहिली तरी सडतात, माझी दोन झाडं एका पावसात आडवी झाली. माती उंच कर आणि पाणी जाऊ दे.

मधल्या रोपाला फुलं आलीत म्हणालास, पण फोटोत नीट दिसत नाहीयेत. लांब लोंबत्या दांड्यांवर बारीक बारीक झुपके आहेत, की खोडाला चिकटून एकेकटी जाड फुलं आहेत? लोंबती असतील तर तो नर. जवळून फोटो काढून पाठव, तोवर कोयता लावू नकोस.

बाहेर जाऊन बघून आलो, कळी अजून अर्धीच उघडलीय. बॅटरी चार्जला लावतो.

तुझाच,
माळीबुवा

ता. क. खताची उरलेली पिशवी फेकू नकोस, केळी लावणार आहेस ना, ती खादाड असते, तिला लागेल.