जुन्या इमारतींतील फायर अलार्मसाठी आवाहन: देणगी द्या, आणि दारही उघडा

सर्व रहिवासी बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आम्ही, म्हणजे रहिवाशांच्या अग्निसुरक्षा समितीने, आपल्या एका इमारतीतली आगीची घंटा वाजवून पाहिली. तळमजल्यावर जिन्याच्या पहिल्या पायरीशी काचेच्या पेटीत एक बटण आहे आणि त्याच्यावर गोल लोखंडी घंटा. बटण दाबल्यावर घंटा खणखणीत वाजली. हायसं वाटलं. पण सगळ्यात वरच्या मजल्यावर, दार लावून आतल्या खोलीत बसवलेली आमची दोन माणसं थोड्या वेळाने खाली आली आणि विचारू लागली, "कधी वाजवताय?"

त्यानंतरची समितीची बैठक तिथे जिन्यातच झाली. हे आवाहन त्या बैठकीत ठरलं. समितीच्या कक्षेतल्या जुन्या इमारतींमध्ये आजच्या नियमांत बसेल अशी अलार्म यंत्रणा लावायची आहे. त्यासाठी तुमची देणगी हवी आहे, काही जणांचं कौशल्य हवं आहे आणि प्रत्येक घराचं दार एक-दोन दिवस उघडं मिळायला हवं आहे. पैसे देऊ म्हणणारे भेटतात. दार उघडू म्हणणारे कमी. म्हणून दाराबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आगीची बातमी एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर पोहोचली नाही तर काय होतं, याचा दाखला शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली. कारखाना आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर होता. आग आठव्यावर लागली. तिथून दहाव्या मजल्यावर टेलिफोन गेला आणि तिथले जवळजवळ सगळे वाचले. नवव्या मजल्यावर कोणीच कळवलं नाही. कळवायला घंटाही नव्हती. त्यांना आग लागल्याचं कळलं ते आग समोर आल्यावरच. १४६ माणसं गेली. ती इमारत जुनी नव्हती, जेमतेम दहा वर्षांची होती. मधल्या एका मजल्याला वेळेवर कळलं नाही, आणि बाहेर पडायला लागणारी मिनिटं तिथेच गेली.

आपल्या इमारतींत ही अडचण आणखी वाढते. मजले लाकडी तुळयांवर आहेत, जिना लाकडी आहे आणि तो एकच आहे. पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या दुरुस्त्यांमुळे छतांच्या वर आणि भिंतींच्या आत पोकळ्या राहिल्या आहेत. अशा पोकळीत ठिणगी पडली तर ती तासन्‌तास धुमसत राहते. खोलीत बसलेल्याला काही दिसत नाही, आणि एकदा भडकली की ती कुठून कुठे सरकते याचा अंदाज बाहेरून येत नाही. धूर तर सरळ जिन्याकडे धावतो, कारण वर जायला त्याला तीच मोकळी वाट मिळते. म्हणजे ज्या वाटेने आपण उतरणार, तीच आधी भरते. "धुराचा वास आला की जाग येईलच" असं बरेच जण म्हणतात. झोपेत नाक जवळपास काम करत नाही. आणि धुरासोबत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतोच. त्याने झोप उलट गाढ होते.

कोणी विचारेल, प्रत्येकाने आपापल्या घरात बॅटरीवरचा धूरशोधक लावला तर पुरे नाही का? लावाच. आजच लावा, आमच्या यंत्रणेची वाट पाहू नका. पण तो फक्त तुमच्या घरातल्या धुराने वाजतो आणि फक्त तुम्हालाच जागं करतो. खालच्या मजल्यावरच्या कुलूपबंद मीटर रूममध्ये काही पेटलं, तर त्याला ते कळेपर्यंत जिना गेलेला असतो. एका ठिकाणच्या धुराने सगळ्या इमारतीला जाग यायला हवी असेल, तर सगळे शोधक एका पॅनेलला, म्हणजे त्यांचे इशारे गोळा करणाऱ्या मुख्य पेटीला, जोडलेले हवेत.

नियम देशागणिक वेगळे असतात. अमेरिकेत एनएफपीए ७२ हे मानक पाळतात, ब्रिटनमध्ये बीएस ५८३९, भारतात आयएस २१८९. बारकावे बदलतात, पण झोपेच्या खोलीबद्दल त्यांचं म्हणणं सारखंच आहे: गजराचा आवाज उशापाशी ७५ डेसिबलपर्यंत पोहोचला पाहिजे. आता हे पाहा. साधं बंद दार साधारण २० डेसिबल आवाज खाऊन टाकतं, जाड दार त्याहून जास्त. जिन्यात कितीही मोठा हूटर लावला तरी बाहेरचं एक आणि आतलं एक अशी दोन दारं ओलांडून तो उशापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. आमच्या दोन माणसांना घंटा ऐकू आली नाही, त्याचं कारण हेच. त्यामुळे सायरन घरात, झोपायच्या खोलीजवळ लावावाच लागतो, आणि त्यासाठी वायर तुमच्या घरातून न्यावी लागते. जिन्यात पाच लाल डबे ठोकून "अलार्म बसवला" असा फलक लावता येईल. तसं करायला समिती तयार नाही.

आवाज किती मोठा आहे याच्याइतकाच तो कोणत्या पट्टीतला आहे, हेही महत्त्वाचं. नेहमीचा धूरशोधक साधारण ३१०० हर्ट्झच्या तीक्ष्ण आवाजात किंचाळतो. वय वाढलं की आधी वरच्या पट्टीतलेच आवाज ऐकू येईनासे होतात, आणि लहान मुलं अशा आवाजात झोपून राहतात असं प्रयोगांतून दिसलं आहे. ५२० हर्ट्झचा खर्जातला आवाज अशांना जास्त चांगला जागं करतो. ज्यांना अजिबात ऐकू येत नाही त्यांच्यासाठी झगमगणारा दिवा आणि उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती मिळते. आपल्याकडे एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची संख्या मोठी आहे, म्हणून ही उपकरणं आम्ही "जमलं तर" या यादीत ठेवलेली नाहीत. पहिल्याच खर्चात धरली आहेत.

दुसरी हरकत नेहमी येते ती अशी: आपली इमारत जुनी, नियम नव्या इमारतींसाठी. काही ठिकाणी कायदा अशी सूट देतो हे खरं आहे. शिकागोतल्या अवर लेडी ऑफ द एंजल्स या शाळेलाही ती मिळाली होती. बांधणी जुनी म्हणून नव्या नियमांतल्या बऱ्याच अटी तिला लागू नव्हत्या. १ डिसेंबर १९५८ रोजी तिथे तळघरातल्या जिन्याच्या पायथ्याशी आग लागली. शाळेत घंटा होती, पण ती फक्त शाळेतच वाजायची. अग्निशमन दलाशी जोडलेली नव्हती. ९२ मुलं आणि शिकवणाऱ्या ३ नन गेल्या. कागदोपत्री ती इमारत नियमात बसत होती. सूट मिळते का, हा प्रश्न आम्ही म्हणूनच बाजूला ठेवला आहे. जिथे सोय असेल तिथे पॅनेलचा इशारा थेट अग्निशमन दलाकडे किंवा चोवीस तास चालणाऱ्या देखरेख केंद्राकडे जाईल, असं कामाच्या आराखड्यातच लिहिलं आहे.

पॅनेलबद्दल थोडं तांत्रिक सांगतो, कारण पैसे त्यातच जातात. स्वस्तातल्या पारंपरिक पद्धतीत पॅनेल फक्त विभाग दाखवतं: "दुसरा मजला" वगैरे. ॲड्रेसेबल पद्धतीत प्रत्येक शोधकाला स्वतःचा पत्ता असतो आणि पॅनेलवर नेमकी जागा उमटते. आम्ही दुसरी पद्धत निवडली. पण नुसता पत्ता असून भागत नाही, तो वाचणाऱ्याला कळला पाहिजे. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये अलार्म वेळेवर वाजला होता. संदेशाचा अर्थ चुकीचा लागला आणि पहारेकरी शेजारच्या भलत्याच माळ्यावर आग शोधत राहिला. चूक लक्षात येऊन योग्य जागी पोहोचेपर्यंत अर्धा तास गेला, आणि शतकांपूर्वीचं लाकडी छत हाताबाहेर गेलं. आपल्या पॅनेलवर म्हणून सांकेतिक आकडे नकोत. "तिसरा मजला, मागचा माळा" असं आपल्या भाषेत, आपण त्या जागेला जे म्हणतो त्या नावाने उमटलं पाहिजे. ते शब्द ठरवायला प्रत्येक मजल्यावरचा एक माणूस आम्हाला हवा आहे.

बाकीच्या अटी थोडक्यात. वीज गेली तरी बॅटरीवर यंत्रणा किमान २४ तास जागी राहिली पाहिजे आणि त्यानंतरही गजर वाजवण्याइतका जोर तिच्यात उरला पाहिजे. केबल आगीत तग धरणारी हवी. दर मजल्यावर, बाहेर पडायच्या वाटेवर, हाताने दाबायचा कॉल पॉइंट हवा. केबलला एका जागी इजा झाली तर बाकीची साखळी चालू राहील असे आयसोलेटर हवेत.

शोधक कुठे बसवायचा हे मात्र जुन्या इमारतीत नीट पाहावं लागतं. सपाट छताचा नकाशा घेऊन येणारा ठेकेदार इथे फसतो. खोल तुळयांमध्ये धूर अडकून राहतो, तुळईपलीकडच्या शोधकापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे तिथे जास्त शोधक लागतात. फार उंच छताखाली धूर थंड होऊन मध्येच तरंगतो. माळा, छतावरची पोकळी, जिन्याखालची अडगळ या जागा कोणाला आठवत नाहीत, आणि धुमसणारी आग तर तिथेच सुरू होते. जिन्यात आणि माळ्यावर आम्ही प्रकाशावर चालणारे, म्हणजे धुराच्या कणांवरून विखुरलेला प्रकाश टिपणारे शोधक लावणार आहोत. धुमसत्या आगीला ते लवकर ओळखतात. स्वयंपाकघरात धूरशोधक लावला तर तो रोज वाजेल, आणि रोज वाजणारा अलार्म शेवटी कोणीतरी काढून टाकतं. तिथे उष्णताशोधक बसेल. भिंती न फोडता काम व्हावं म्हणून काहींनी वायरलेसचा आग्रह धरला आहे. नक्षीकामाच्या छताखाली तो पर्याय चांगलाच आहे, पण जाड दगडी भिंती रेडिओ लहरी अडवतात आणि प्रत्येक उपकरणाच्या बॅटऱ्या वेळच्या वेळी बदलाव्या लागतात. म्हणून जिथे केबल नेता येईल तिथे केबल, आणि जिथे कोरीव काम बिघडेल तिथेच वायरलेस, असं ठरलं आहे. केबलची पट्टी भिंतीच्या कोपऱ्यातून जाईल, ती दिसेल. तेवढं चालवून घ्या.

आता तुमच्याकडून काय हवं ते.

देणगी एकरकमी द्या किंवा हप्त्यांनी द्या; रक्कम आम्ही ठरवून दिलेली नाही. पावती दिल्याशिवाय कोणीही पैसे घेणार नाही. जमा आणि खर्च दर महिन्याला जिन्यातल्या फलकावर लागेल. ज्यांना देणं शक्य नाही त्यांच्या घरातही तितकेच शोधक आणि तोच सायरन बसेल. कोणी दिलं नाही याची यादी लागणार नाही. भाडेकरूंनी "हे मालकाचं काम" आणि मालकांनी "राहणाऱ्याचं काम" म्हणून थांबू नये, ही कळकळीची विनंती. हा वाद आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की त्यात किती वर्षं गेली हे मोजायचंही आम्ही सोडून दिलं. इमारत सोडून दुसरीकडे राहायला गेलेल्यांनीही हात लावावा; तुमचे आईवडील, तुमचे जुने शेजारी अजून इथेच झोपतात.

पैसे कमी पडले तर सगळ्या इमारतींत अर्धवट काम होणार नाही. एक इमारत पूर्ण करू, मग पुढची. ज्या इमारतीत लाकूड जास्त आणि वयस्कर माणसं जास्त, ती आधी. देणगीतला एक भाग आम्ही देखभालीसाठी वेगळा ठेवणार आहोत, आणि त्यावर काहींची नाराजी आहे हे ठाऊक आहे. पण शोधकावर धूळ आणि कोळिष्टकं साचतात, बॅटरी मरते, रंगकामाच्या वेळी चढवलेली प्लास्टिकची पिशवी तशीच राहून जाते. दर आठवड्याला एका कॉल पॉइंटची चाचणी, ठरावीक काळाने तज्ज्ञाकडून पूर्ण तपासणी आणि प्रत्येकाची लॉगबुकात नोंद हे झालं नाही, तर आजची मेहनत वाया जाईल.

वस्तुरूपाने मदत करू इच्छिणाऱ्यांना एक विनंती: घरातले जुने धूरशोधक देऊ नका. तयार झाल्यापासून १० वर्षांनी ते बदलायचे असतात. तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. त्याऐवजी वेळ द्या. परवानाधारक इलेक्ट्रिशियन, नकाशे काढू शकणारे, हिशेब तपासू शकणारे, आणि ठेकेदारांची दरपत्रकं ओळ न ओळ वाचू शकणारे लोक हवे आहेत. किमान तीन दरपत्रकं मागवू. समिती सदस्यांच्या नात्यातल्या कोणालाही काम मिळणार नाही. शेवटचा हप्ता ठेकेदाराला मिळेल तो घराघरातली दारं लावून, उशापाशी मीटर धरून आवाज मोजल्यानंतरच.

सर्वेक्षण येत्या रविवारपासून वरच्या मजल्यावरून सुरू होईल. दोन माणसं येतील, त्यांच्याकडे समितीचं ओळखपत्र असेल, आणि त्यातला एक तुमच्याच इमारतीतला असेल. माळ्याची चावी काढून ठेवा. कोण कोणत्या खोलीत झोपतं, दार लावून झोपतं का, कोणाला कमी ऐकू येतं, रात्री श्रवणयंत्र काढून ठेवतं का, कोणाला उठवून धरून न्यावं लागतं, हे त्यांना सांगा. ही माहिती वही सोडून कुठे जाणार नाही. सायरन कुठे लावायचा हे तिच्यावरून ठरेल. रविवारी घरी नसाल तर चावी शेजाऱ्यांकडे ठेवा आणि समितीच्या पेटीत तशी चिठ्ठी टाका.

आपली,
जुन्या इमारतींतील रहिवाशांची अग्निसुरक्षा समिती