तोल तपासायला खुर्ची आणि घड्याळ पुरते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठांच्या पडण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात न्हाणीघरातील फरशी, कठडे आणि रात्रीचा दिवा यांचा चांगला ऊहापोह आहे. पडणाऱ्याचा तोल मुळात कसा आहे हे तपासण्याविषयी मात्र त्यात अवाक्षर नाही.

माझी ७८ वर्षांची आई गेल्या वर्षी दोनदा पडली, दोन्ही वेळा तोंडाला साबण लावून डोळे मिटलेले असताना. पहिल्या खेपेस दवाखान्यातून चक्कर थांबवणारी गोळी मिळाली. चक्कर आलीच नव्हती, हे आईचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. दुसऱ्या खेपेस एका फिजिओथेरपिस्टबाईंनी तिला पावले जुळवून उभे केले आणि स्वतः अगदी शेजारी थांबून डोळे मिटायला सांगितले. तोवर स्थिर असलेली आई काही क्षणांतच कलली. बर्लिनचे डॉक्टर मोरित्झ रोम्बर्ग यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी एकोणिसाव्या शतकातली आहे. डोळे, अंतर्कर्ण आणि पायांकडून मज्जारज्जूवाटे मेंदूला पोहोचणारी स्थितीची जाणीव या तिघांच्या आधारे शरीर तोल सावरते. त्यातली ही तिसरी जाणीव मंदावली तर डोळे ती उणीव भरून काढतात आणि डोळे मिटताच ती उघडी पडते. ही जाणीव वाहणाऱ्या मज्जातंतूंना लागणारे बी-१२ जीवनसत्त्व आईच्या रक्तात बरेच कमी निघाले, जे आमच्यासारख्या शाकाहारी घरांत नवलाचे नाही.

खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे आणि वळून परत येऊन बसणे, ही १९९१ पासून रूढ झालेली ‘टाइम्ड अप अँड गो’ चाचणीही तितकीच साधी आहे. बारा सेकंद किंवा अधिक लागल्यास पडण्याचा धोका धरला जातो, पण केवळ आकड्यावर भिस्त ठेवू नये; वळताना माणूस अडखळतो का, हात टेकल्याशिवाय उठतो का, हेही पाहावे लागते. तोल मोजण्याच्या ‘बर्ग’ नावाच्या चौदा कृतींच्या, ५६ गुणांच्या मापनात जमिनीवर मांडी घालून बसणे आणि उठणे नाही, ही आपल्याकडच्या देवपूजेच्या दृष्टीने मला उणीव वाटते.

आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी असतात. साठीपुढच्यांसाठी रोम्बर्ग आणि ‘टाइम्ड अप अँड गो’ या दोन चाचण्या त्यांत घालाव्यात, अशी विनंती आहे. डोळे मिटून उभे राहण्याची चाचणी मात्र वाचकांनी घरी एकट्याने करून पाहू नये.

आपला,
एक वाचक, सातारा