प्लांकचा स्थिरांक शाळेत मोजताना

महोदय,

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला एलईडी वापरून प्लांकचा स्थिरांक काढण्याचा प्रयोग ठेवता येईल. प्रकाश ठरावीक ऊर्जेच्या पुंजांत येतो आणि पुंजाची ऊर्जा म्हणजे प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाची वारंवारता, हे १९०५ साली आईनस्टाईननी मांडलेले सूत्र मुलांना स्वतः तपासता येते, याहून मोठा आनंद कुठला! मात्र उत्तर चुकते ते बहुधा एकाच कारणाने: व्होल्टेज वाढवत नेताना एलईडी कधी उजळू लागला, हे डोळ्यांनी ठरवले जाते. डोळा हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असल्याने लाल आणि निळ्याचे वाचन उशिरा घेतले जाते.

त्याऐवजी प्रत्येक एलईडीशी १ किलोओहमचा रोध जोडावा आणि प्रवाह ०.१ मिलिॲम्पिअर असा समान ठेवून व्होल्टेज मोजावे. व्होल्टमीटर थेट एलईडीच्या दोन टोकांवर लावावा, रोधासकट नव्हे. लाल, पिवळा, हिरवा, निळा असे चार तरी रंग हवेत. पांढरा नको; तो निळ्या एलईडीवर पिवळे फॉस्फर (प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देणारा पदार्थ) लावून बनतो.

एका एलईडीच्या व्होल्टेजवरून थेट उत्तर काढू नये. व्होल्टेज विरुद्ध वारंवारता असा आलेख काढून त्याचा उतार घ्यावा आणि इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने गुणावा. उतार ४.१४ × १०⁻¹⁵ व्होल्ट-सेकंदाच्या आसपास यायला हवा. वारंवारता म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले तरंगलांबी; ही तरंगलांबी पाकिटावरून न घेता विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून घ्यावी. 'लाल' म्हणून ६२० ते ६६० नॅनोमीटरपर्यंत काहीही मिळते.

– भौतिकशास्त्राचे एक शिक्षक, पुणे