किती वाजता?

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला. तो विषय पुन्हा काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय. पण नानांचं तोंड वाकडं झालं संध्याकाळी आणि मला कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी! किती वाजता झालं विचारलं तर म्हणालास, "सातच्या सुमारास असेल." लकव्याच्या झटक्यात सुमार चालत नाही रे.

वर म्हणतोस, "ॲस्ट्रोसाइट सांभाळून घेतात ना, तूच सांगितलं होतंस." दहावीतलं तुझ्या लक्षात राहिलं याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण अर्धंच राहिलंय.

ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या ग्लिया जातीच्या पेशी. ग्लिया म्हणजे ग्रीकमध्ये डिंक. न्यूरॉन, म्हणजे संदेश वाहणाऱ्या चेतापेशी, चिकटवून ठेवणारा मसाला, एवढीच या पेशींची किंमत कितीतरी वर्षं होती. प्रत्यक्षात न्यूरॉनांनी सांडलेलं ग्लुटामेट हे संदेशाचं रसायन त्या सतत टिपून घेतात, त्याचं निरुपद्रवी ग्लुटामाइन करतात आणि परत देतात. रक्त अडलं की ग्लुटामेटचा पूर येतो, न्यूरॉनमध्ये कॅल्शियम घुसतं आणि तो मरतो. हा पूर उपसणारा पंप ॲस्ट्रोसाइटकडे आहे. पण पंप चालतो सोडियमच्या उतारावर, म्हणजे बाहेर जास्त, आत कमी या फरकावर, आणि तो उतार टिकवायला एटीपी हे पेशीचं इंधन लागतं. एटीपी संपलं की पंप बंद पडतो. नुसता बंद नाही, उलटाही फिरतो, म्हणजे साठवलेलं ग्लुटामेट बाहेर ओकतो. राखणदारच फिरला म्हण ना.

शिदोरी असते, नाही असं नाही. मेंदूतलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जवळजवळ सगळं याच पेशींत असतं. ते मोडून त्या न्यूरॉनला लॅक्टेट पुरवतात, पण ते जाळायला ऑक्सिजन हवाच. एरवी 100 ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे 50 मिली रक्त मिळतं. ते 10च्या खाली गेलं की तो भाग काही मिनिटांत जातो. 10 ते 20च्या पट्ट्यात पेशी मुक्या होतात, पण जिवंत असतात. ॲस्ट्रोसाइटची धडपड कामी येते ती या पट्ट्यात. तीही काही तास. मोठी धमनी बंद असेल तर मिनिटाला सरासरी 19 लाख न्यूरॉन जातात. मग सांग, किती वाजता हे मी का विचारते?

पुढे ॲस्ट्रोसाइट स्वतःच पाणी पिऊन फुगतात. त्यांचे पाय केशवाहिन्यांना वेढून असतात. फुगलेले पाय त्याच वाहिन्या दाबतात. उंदरांच्या मेंदूत ॲस्ट्रोसाइट आपली मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, न्यूरॉनला देतात, हे 2016 मध्ये दिसलं. मला फार आवडतं ते. पण त्याच्या भरवशावर नानांना घरी बसवता येत नाही.

पंधरा मिनिटांत तोंड सरळ झालं म्हणजे संपलं, असंही नाही. खरा झटका येण्याची भीती पहिल्या 48 तासांत सगळ्यात जास्त. ते टळलं, नशीब. आता ॲस्पिरिन आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, चुकवू देऊ नकोस.

पुन्हा तोंड, हात, बोलणं, तोल किंवा नजर यांपैकी काहीही बिघडलं, तर आधी घड्याळ बघ आणि 108 लाव. शेवटचे नीट कधी होते, ती वेळ धरायची. झोपेतून उठताना दिसलं तर झोपायला गेले ती. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. मोठ्या धमनीतली गाठ नळी घालून काढणं काहींना 24 तासांपर्यंत जमतं, पण ते डॉक्टर ठरवतील. तू जिथे रात्रीही सीटी स्कॅन होतो तिथेच ने. पाणी पाजू नकोस, ठसका लागून फुप्फुसात जाईल. ॲस्पिरिनची जादा गोळी नको. रक्तस्राव नाही हे सीटीशिवाय कळत नाही. बीपीची गोळीही नको. अर्धमेल्या पट्ट्याला रक्त त्याच दाबावर मिळत असतं. साखर मात्र तपास: फार उतरली तरी लकव्यासारखंच दिसतं, फार चढलेली असली तर त्या पट्ट्यात आम्ल वाढतं.

झालं माझं लेक्चर. चुकलं रे, एकटा सांभाळतोस सगळं, त्यात माई तशी. हे पत्र तिला दाखवू नकोस. मी शनिवारी सकाळी पोचते, सोमवारी मानेतल्या रक्तवाहिन्यांच्या डॉप्लर तपासणीला आपण दोघं जाऊ.

तोवर नाना आडवे झाले की वेळ कॅलेंडरवर लिहीत जा. काल किती वाजता झोपले?

तुझी,
आई