चुंबकाने ब्राँझ ओळखता येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभिजात शिल्पांच्या ब्राँझ प्रतिकृतींवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. चुंबक लावून ब्राँझ पारखण्याचा त्यातला सल्ला फसवा आहे. चुंबक ब्राँझला चिकटत नाही, तसा जस्तालाही चिकटत नाही. आणि ब्राँझ म्हणून खपवला जाणारा स्वस्त माल बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा किंवा रेझिनमध्ये ब्राँझची भुकटी कालवून ओतलेला असतो. त्यापेक्षा मूर्ती उलटी करावी आणि बैठकीच्या तळाला, नजरेआड, कानशीचा हलका हात मारावा. पांढुरकी-करडी चमक निघाली की समजावे, जस्त. हिरव्या रंगावरही जाऊ नये. तापवलेल्या धातूवर कॉपर नायट्रेट मारले की ‘प्राचीन’ हिरवेपणा त्याच दिवशी येतो.

धातू खरा निघाला तरी प्रतिकृती चांगली असेलच असे नाही. ओतलेले ब्राँझ थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसते. साचा दुसऱ्या ब्राँझवरूनच काढला असेल, तर ६० सेंटिमीटरच्या मूर्तीत जवळपास एक सेंटिमीटर जातो. उंचीतला फरक डोळ्यांना कळत नाही. पापण्यांची कड आणि केसांच्या बटा बोथट झालेल्या मात्र लगेच कळतात.

पोकळ ब्राँझ ओतताना साच्यात आधी मेणाचा थर देतात; ते मेण वितळवून काढले की त्याच्या जागी धातूचा रस ओततात. हा थर सगळीकडे सारखा, ४ ते ६ मिलिमीटर हवा. मांडीत तो जाड राहिला तर तिथला रस शेवटी थिजतो, वरून भर मिळत नाही आणि आत पोकळी, बाहेर खळगा पडतो. बोटांच्या टोकांशी उलट होते: वायू निघायला वाट ठेवली नसेल तर रस टोकापर्यंत पोहोचतच नाही. हात वेगळा ओतून जोडलेला दिसला तर मात्र नाक मुरडू नये, प्राचीन ग्रीक ओतारीही मोठ्या मूर्ती तुकड्यांत ओतत.

प्राचीन ग्रीक शिल्पकार मायरनच्या थाळीफेक्याच्या मूर्तीचेच पाहा. मूळ ब्राँझ नष्ट झाले. उरल्या त्या रोमन काळातल्या संगमरवरी नकला. पायाशी असलेला झाडाचा बुंधा संगमरवराचा भार पेलण्यासाठी आहे, ब्राँझला त्याची गरज नाही. तरी कित्येक ब्राँझ प्रतिकृतींत तो इमानेइतबारे ओतलेला असतो! शिवाय ब्रिटिश म्युझियममधल्या नकलेचे डोके जीर्णोद्धारात चुकीचे बसवले गेले, म्हणून ती खाली पाहते; रोममधली, लान्चेलोत्ती नावाने ओळखली जाणारी नक्कल मागे वळून थाळीकडे पाहते. दोन्हींच्या प्रतिकृती एकाच नावाने विकल्या जातात. कोणत्या नकलेवरून आणि कशावरून साचा घेतला, हे विक्रेत्याने पावतीवरच लिहून द्यायला हवे.

— एक वाचक