विषय: डुकरांच्या लसीत ई. कोलाय जिवाणूचा एफ-१८ प्रकार नाही, हे पाच फोन करूनही कोणी कबूल करत नाही

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

तुमच्या तांत्रिक सल्लागारांशी पाचव्यांदा बोलून आत्ताच फोन ठेवला. आता लेखी कळवतो.

तुमची पिल्लांच्या हगवणीवरची लस गाभण डुकरिणींना ठरलेल्या वेळी दिली, दोन्ही डोस. अंगावर पिणारी पिल्लं ठणठणीत राहिली, हे मी नाकारत नाही. दूध तोडल्यावर नवव्या दिवशी हगवण लागली. मग पापण्या सुजल्या, पिल्लं झोकांड्या खायला लागली, आडवी पडून पाय झाडत मेली. ११ गेली, आणि सगळ्यात जोमाने वाढणारी आधी गेली. प्रयोगशाळेचा अहवाल सांगतो: ई. कोलाय जिवाणू, आतड्याला चिकटायचे त्याचे एफ-१८ तंतू, आणि शिगा टॉक्सिन २ई हे त्याचं विष. तुमच्या लेबलवर एफ-४, एफ-५, एफ-६ आणि एफ-४१ हे तंतू आहेत.

हा अहवाल मी सल्लागारांना शब्दन् शब्द वाचून दाखवला. उत्तर आलं, "दोन्ही ई. कोलायच ना? मग लस चालायलाच हवी. तुमच्या शेडमध्ये घाण असेल." मी म्हटलं, तुमच्या लसीत एफ-१८ आहे का, हो की नाही? बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही पशुवैद्यक आहात का? मग एवढ्या खोलात कशाला जाता?"

नाही, मी पशुवैद्यक नाही. ती ११ पिल्लं शेडमधून मी उचलली, म्हणून खोलात जातो.

जिवाणू ज्या तंतूंनी आतड्याला चिकटतो तेच वेगळे असतील, तर एफ-४ विरुद्धची प्रतिपिंडं एफ-१८ला अडवणार नाहीत. नवजात पिल्लाच्या आतड्यात एफ-१८ला धरायला जवळपास जागाच नसते. ती दूध तोडायच्या सुमारास तयार होते. आईच्या दुधातलं संरक्षण नेमकं तेव्हाच संपतं. हे तुम्हाला मी सांगायचं? लस तुम्ही बनवता. मग तुमच्या प्रतिनिधीने "दूध तोडल्यावरच्या हगवणीलाही हीच चालते" असं सांगून ती मला का विकली?

सहा वर्षं तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाची लस घेतली नाही. त्या विश्वासावर मला शेडमधल्या घाणीचं ऐकावं लागलं, याचा राग पिल्लांच्या नुकसानीपेक्षा कमी नाही.

लसीत एफ-१८ आहे की नाही, एवढं सहीनिशी लिहून द्या आणि नुकसानभरपाईचं बोला. नाहीतर अहवाल, लेबलचा फोटो आणि फोनच्या नोंदी औषध नियामकाकडे आणि ग्राहक न्यायालयात जातील. पुढच्या आठवड्यात आणखी ४ माद्यांच्या पिल्लांचं दूध तुटणार आहे. उत्तर त्याआधी हवं.

एक वराहपालक