बोका अजून तिथेच आहे

प्रिय मित्रा,

बेवारस प्राण्यांच्या शेल्टरमधून दत्तक घ्यायचं ठरवलेलं मांजर अजून घरी आलेलं नाही. फोनवर हा विषय निघाला की माझा आवाज चढतो आणि सांगायचं राहून जातं, म्हणून आज सगळं लिहूनच काढते. शेवटी तुझ्याकडे एक कामही आहे.

मला विकत आणायचं नव्हतं, हे तुला माहीत आहे. शेल्टरमध्ये इतकी मांजरं घराची वाट बघत असताना पैसे मोजून पिल्लू आणणं मला पटतच नाही. पण तिथून मांजर मिळवणं इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. आधी भलामोठा फॉर्म. घर स्वतःचं की भाड्याचं, घरमालकाची लेखी परवानगी आहे का, दिवसाचे किती तास घर बंद असतं, आधी प्राणी होता का, असला तर तो कशाने गेला, उद्या बदली झाली तर काय कराल. मग घराचे फोटो, खिडक्यांच्या जाळ्यांचे वेगळे.

जाळीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. मांजर चार पायांवर उतरतं म्हणून त्याला काही होत नाही, हा समज जीवघेणा आहे. उंचावरून पडलेल्या मांजरांचे जबडे फुटतात, छातीला मार बसतो. म्हणून त्यांनी सांगायच्या आधीच मी बाल्कनीला जाळी बसवून घेतली. लिलीची फुलंही घरात आणायची बंद केली. त्यांचे परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

घोडं अडलं ते उत्तरावर. कळवतो म्हणाले आणि कळवलंच नाही. फोन करावा तर दर वेळी नवा माणूस, तेच प्रश्न पहिल्यापासून. एकदा म्हणाले, दुसऱ्या कुणाचा अर्ज आधी आलाय. तो बारगळला, हे मला मीच विचारल्यावर कळलं. मग म्हणे, तुम्ही कामावर जाता, घर दिवसभर रिकामं. अरे, एकटं लहान पिल्लू द्यायचं नाही म्हणाले असते तर मी मान्य केलं असतं. पण मी अर्ज केला होता तो पूर्ण वाढलेल्या बोक्यासाठी, आणि मोठं मांजर दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ झोपूनच काढतं! नकार दिला असता तरी मी समजून घेतलं असतं. ही माणसं ना हो म्हणतात ना नाही, आणि माझा जीव टांगणीला.

आता त्या बोक्याबद्दल. करड्या पट्ट्यांचा, रुंद गालांचा, एका कानाचं टोक सरळ कापलेलं. रस्त्यावरच्या मांजराची नसबंदी झाल्याची ती खूण. पुढच्या पिंजऱ्यातली पिल्लं गजांतून पंजे बाहेर काढून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावतात, सगळे तिथेच थांबतात. हा मागच्या रांगेत, लिटर ट्रेमध्ये, म्हणजे शी-शूच्या ट्रेमध्ये, अंग चोरून बसलेला. घाणीची आवड म्हणून नाही रे, पिंजऱ्यात आडोसा म्हणून तेवढी एकच वस्तू होती. नेदरलँड्समध्ये शेल्टरच्या मांजरांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली छापून आला होता. नव्या मांजराला लपायला नुसतं खोकं दिलं तरी ते लवकर सावरतं, असं त्यात दिसलं. मी विचारून एक पुठ्ठ्याचं खोकं नेलं. तो लगेच आत शिरला. पुढच्या भेटीत त्याने माझं बोट हुंगलं आणि मग गाल घासला, एकदाच, पण चांगला जोर लावून.

त्याच्या डोळ्यातून पाणी येतं. मांजरांचा हर्पिस विषाणू एकदा शिरला की शरीरात राहतो आणि ताण वाढला की उसळतो. म्हणजे हे थांबणं त्याच्या अंगावर निघतंय. शिवाय त्याची एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या विषाणूची, चाचणी पॉझिटिव्ह आहे, म्हणून बाकीचे लोक नाव ऐकूनच मागे फिरतात. हा विषाणू १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात पहिल्यांदा सापडला. माणसाला तो होत नाही, मांजरांत मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, आणि अशी मांजरं वर्षानुवर्षं छान जगू शकतात. माझ्या घरी दुसरं मांजर नाही. याहून योग्य घर कुठलं असणार, सांग.

त्यांची बाजूही मला दिसते. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते, त्यामुळे पिल्लांचा लोंढा थांबतच नाही. हात मोजके. सोफा ओरबाडला म्हणून मांजर परत आणून टाकणारी माणसं त्यांनी पाहिलीत. मध्यंतरी पॅनल्युकोपेनियाच्या, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या संसर्गाच्या, साथीमुळे दारं बंद होती, तेही बरोबरच होतं. तो विषाणू जागेत वर्षभरसुद्धा तग धरतो. पण प्रत्येक अर्जदाराकडे संशयाने बघितलं तर चांगली माणसं कंटाळून जिथे सहज मिळेल तिथून नसबंदी न केलेलं पिल्लू उचलतात, आणि त्याची पुढची पिढी फिरून शेल्टरच्याच दारात येते. दहा मिनिटं समोर बसून बोला, माणूस कळतो. फॉर्ममधल्या ‘भाड्याचं घर’ या खुणेवरून काय कळणार?

आता तुझं काम. नव्याने अर्ज केलाय आणि ओळखीतला माणूस म्हणून तुझा नंबर दिलाय. फोन अनोळखी नंबरवरून येईल, कापू नकोस. मी बाहेरगावी असताना मांजराकडे कोण बघणार, हे नक्की विचारतील. येणार असशील तरच हो म्हण, माझ्या भिडेखातर नको. आणि त्यांनी विचारलं नाही तरी एवढं सांग, की तो महिनोन्महिने कपाटामागे बसला, कधीच मांडीवर आला नाही, तरी मी त्याला परत पाठवणार नाही. तू मला इतकी वर्षं ओळखतोस, तुझ्या तोंडून ते त्यांना पटेल.

जमणार नसेल तर लगेच कळव, म्हणजे दुसऱ्या कुणाचं नाव देता येईल.

तुझी मैत्रीण